पाचव्या मजल्यावरची कढई

आता मला सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सिंकपाशी, स्वतःच चहा प्यायलेला कप विसळायची माणसाला चोरी असावी? हो, चोरी! मुलगी अंघोळीला गेली की मी नळ अगदी बारीक सोडते, आवाज नको म्हणून, कप विसळते, पुसते, जागेवर ठेवायला जाते, तेवढ्यात बाथरूमचं दार किलकिलं होतं आणि आतून आवाज, "आई! नळ कुणी सोडलाय?" आता घरात आम्ही दोघीच, त्यातली एक साबण लावून उभी, मग कुणी सोडणार? "ठेव तो कप! बाई येईल ना आता! आई, आपण आता तशातले नाही!"

तशातले नाही म्हणजे कशातले गं? उभा जन्म मी लोकांची भांडी घासली. सकाळी या घरात, दुपारी त्या घरात, संध्याकाळी आणखी तिसऱ्याच घरात, आणि त्याच्यावर ही शिकली, कंपनीत साहेब झाली, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. अभिमान आहे हो मला, का नसावा? पण पहिल्याच दिवशी फर्मान काय काढलं, तर "तुझं मनगट सुजतं, डॉक्टरांनी सांगितलंय, आजपासून भांड्यांना हात लावायचा नाही, मी बाई ठेवलीय." बाई! मला बाई! अहो, बाई तर मीच ना? बाईला बाई ठेवतात कशी?

तुम्हाला सांगते, ती पहिल्या दिवशी यायची होती ना, त्याच्या आदल्या रात्री मला झोप नाही. परक्या माणसाला आपलं खरकटं दाखवायचं? पहाटे उठून मी सगळी भांडी घासली, ओटा पुसला, फरशीसुद्धा पुसून घेतली, आणि ही आली ती सिंकमध्ये वाकून बघतेय, "मावशी, भांडी कुठायत? मला काय नळ बघायला बोलावलंय?" म्हटलं, उद्या ठेवीन हं, चुकलं माझं. माफी मागितली मी तिची, घाणेरडी भांडी नव्हती म्हणून!

तिचं नाव मी पाडलंय तुफान. येते, आदळते, जाते. एका हातानं कुकर, दुसऱ्या हातानं फोन, तोंडानं वॉचमनची उणीदुणी, आणि दहा मिनिटांत "मावशी, येते!" गेली की मी हळूच जाऊन बघते, तर पातेल्याच्या कानाखाली साबण तसाच. एक दिवस राहवलं नाही, मागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "अगं, कानाखाली राहिलंय, जरा लक्ष देऊन घास की." आणि काय सांगू, माझाच आवाज मला ओळखू येईना! नाकातून आला हो, थेट माझ्या जुन्या मॅडमचा! तुफान वळली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही टीव्ही बघा." बघितला. काय करणार?

बरं, मधेच मुलगी मला पाचव्या मजल्यावर घेऊन गेली, तिथं सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको राहते, सगळ्या बिल्डिंगवर तिचंच राज्य, आम्ही तिला सेक्रेटरीणबाई म्हणतो. "ओळख हवी आई, उद्या पार्किंगचं काही निघालं तर." मी सोफ्याच्या काठावर टेकले, पूर्ण बसायची सवय कुठली? कप इतका नाजूक की धरताना वाटलं, फुटला तर आता ओरडणार कोण, कारण मी तर पाहुणी! सेक्रेटरीणबाई गोड हसून म्हणतात, "तुम्ही आधी काय करत होतात?" मी तोंड उघडणार तोच मुलगी, "आई हाउसकीपिंगमध्ये होती!" मी म्हटलं, "हो हो, एकाच वेळी तीन ठिकाणी." "अय्या, म्हणजे मॅनेजमेंटला!" म्हटलं, "तसंच समजा." खाली येताना लिफ्टमध्ये मुलीचा चेहरा काय खुलला होता! आपण आता तशातले नाही म्हणे.

आणि चारच दिवसांनी तुफान आली ती गप्प! भांडं आदळेना, फोन नाही, वॉचमन नाही. म्हटलं, बरी आहेस ना? तर डोळ्यांत पाणी. तिच्या मुलीला मोठ्या शाळेत घालायचंय, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत, मुलाखत मुलीची नाही हो, आईबापाची! दोघंही हजर पाहिजेत. आणि सेक्रेटरीणबाईंकडेही हीच कामाला, त्यांनी बजावलेलं, आता एक जरी सुट्टी घेतलीस तर येऊच नको. ते काम गेलं तर शाळेची फी कशातून भरायची? आणि मुलाखतीला नाही गेली तर शाळा कुठली? मी म्हटलं, सासू वारली म्हणून सांग. "दोनदा मारलीय मावशी." माहेरची कुणी? "माहेर संपलं." म्हटलं, मग बदली दे! "कोण येणार मावशी एका रात्रीत?"

आता आमच्या धंद्याचा एक कायदा आहे, लिहिलेला कुठे नाही पण पाळतात सगळ्या जणी. सुट्टी हवी तर आपल्या जागी बदली द्यायची. आणि बदलीवर गेलेलीनं काम कसं करायचं? बेताचं! वाईट नाही, मालकीण ओरडेल. आणि चांगलं तर मुळीच नाही, कारण मग मूळ बाईची जागा जाईल. एखाद्या बशीवर डाग ठेवायचा, कोपऱ्यात केर सोडायचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत मालकीणच म्हणते, आपलीच बरी होती! हा कायदा मी किती पोरींना शिकवलाय! म्हटलं, तुफान, तू जा शाळेत. उद्या मी जाते पाचव्या मजल्यावर.

गेले. जुने कपडे घातले, मुलगी कामावर गेल्यावर, आणि लिफ्टनं नाही, जिन्यानं गेले, का ते विचारू नका, पाय आपोआप तिकडे वळले. मनात म्हटलं, दार उघडताच ओळखतील, मग मी हसेन, मग त्या हसतील, मग काहीतरी सांगू. दार उघडलं. सेक्रेटरीणबाई कानाला फोन लावून, माझ्याकडे बघत, अगदी सरळ तोंडाकडे बघत म्हणाल्या, "बदलीची ना? उशीर केलास. किचन तिकडे." चार दिवसांपूर्वी 'तुम्ही', आज 'तू'! माझ्या बाजूला उभ्या राहून फोनवर बोलत होत्या हो, हातभर अंतरावर, याच चेहऱ्याला परवा त्यांनी बिस्किटांचा आग्रह केला होता! मला फार लागलं ते. इतकी वर्षं लोकांकडे घासलं तेव्हा कधी लागलं नाही, तेव्हा कुणी चहाला बोलावलंच नव्हतं ना!

आणि त्या रागात माझ्या हाताला कढई लागली. काय कढई होती! बुडाला काळा थर, कैक महिन्यांचा, तुफाननं तिला कधी हात लावला असेल तर शपथ. म्हटलं, कडेनं जरा खरवडून ठेवू, बेतानं. कडेनं खरवडलं तर आत चकाकलं. चकाकलेलं दिसलं की हात थांबतो का? तुम्ही थांबवून दाखवा! कितीतरी महिने उपाशी होते हो हे हात! बाह्या सरसावल्या, घासणी घेतली, मनगट ठणकतंय तरी घासतेय, घामाघूम झालेय आणि मनातून काय मजा येतेय म्हणून सांगू... शेवटी उचलून बघितली तर माझं तोंड दिसलं तिच्यात. आणि माझ्या तोंडामागे सेक्रेटरीणबाईंचं तोंड!

"अगंबाई! ही माझी कढई?" फोन बंद. "इतकी वर्षं कुठे होतीस तू? ऐक, उद्यापासून तूच ये. तिला मी काढून टाकते."

झालं! कायदा मोडला, मी मोडला, जिनं शिकवला तिनंच! तिकडे तुफान बिचारी इस्त्रीचे कपडे घालून मुलाखत देत असेल आणि इकडे मी तिच्या पोटावर पाय दिला! आता? म्हटलं, गेलं उडत ते हाउसकीपिंग. हात पुसले, मान वर केली आणि म्हटलं, "मला ओळखलंत का?" "नाही बाई. कोण?" "परवा तुमच्या सोफ्यावर बसून चहा प्यायले ती. तिसऱ्या मजल्याची." त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग म्हणतात काय, "अय्या, तुम्ही! त्या दिवशी कपडे वेगळे होते ना!" बसा म्हणाल्या, चहा ठेवते म्हणाल्या, हातातली घासणी काढून घ्यायला लागल्या! म्हटलं, "चहा नको. तुमच्या बाईला काढायचं नाही. काढलीत तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून सांगेन, शेजारणीला कढई घासायला लावली आणि चेहरासुद्धा ओळखला नाही!" तेव्हा कुठे कबूल झाल्या.

संध्याकाळी मुलीला कळलंच. बिल्डिंगमध्ये काय झाकून राहतं? दारातूनच, "आई! हजारदा सांगितलं, आपण आता तशातले नाही!" मी म्हटलं, "आपण तशातलेच! तशातले होतो म्हणून इथं आलो, लाज कसली वाटते?" तर ती रडायला लागली हो. "तुझ्या मॅडमच्या मुलीचा जुना फ्रॉक मला घालून तू तिच्याच वाढदिवसाला नेलं होतंस. सगळ्यांनी ओळखला तो फ्रॉक. मला परत कुणी तसं ओळखायला नकोय." जवळ घेतलं तिला. पण शब्द मागे नाही घेतला मी! फ्रॉक चांगला होता!

तुफानच्या पोरीला शाळा मिळाली. मला वाटलं, पेढे नाही तर निदान चार गोड शब्द घेऊन येईल. आली ती तुफानासारखी! "मावशी, कढई चमकवायला कुणी सांगितलं होतं? आता म्हणते, रोज तश्शी पाहिजे! त्या एका कढईत माझा तास जातो! मला दोन्ही घरं जमणार नाहीत, मी तुमचं सोडते." आणि सोडलं! माझं! ज्या कामासाठी मी भांडले ते ठेवलं आणि मला काढलं! बरं, दुसरी बाई बघावी, तर बातमी सगळीकडे पोचलेली. जी येते ती दारातूनच विचारते, "तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तुम्हीच ना? नको बाई, तुम्हाला सगळं कळतं." आणि गेली!

इकडे मनगट सुजून हे एवढं झालंय, मुलगी सिंकजवळ फिरकू देत नाही, स्वतः कधीतरी घासते तर पातेल्याचे कान तसेच, आणि मला बघवत नाही... आता भांडी थेट ओट्यापर्यंत चढलीत. तेव्हा जाता जाता एक विचारते, तुमच्या ओळखीत कुणी बाई आहे का हो? फक्त, सारख्या सुट्ट्या घेणारी नको हं!