निरंकाला जोडलेली पुरवणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आजपासून या कार्यालयाची सूत्रं हाती घेणारे नवे साहेब, माझे सहकारी, आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई,

भाषण करण्याचा माझा पिंड नाही. मी या वनस्पती सर्वेक्षण कार्यालयात वाळवलेली झाडंझुडपं कागदावर चिकटवते. डिंक जास्त झाला की बाई ओरडतात. आता उद्यापासून कोण ओरडणार, हा प्रश्नच आहे. पण बाईंचे गुण सांगायला पाहुणे समर्थ आहेत. मी एकाच शब्दाची गोष्ट सांगते.

तो शब्द म्हणजे ‘निरंक’. कार्यालयातल्या माणसांना तो तोंडपाठ असतो. रकाना रिकामा ठेवायचा नाही. लिहायला काही नसेल तर निरंक लिहायचं.

आमचे हे तेवीस वर्षं वनरक्षक होते. एकदा वरून तक्ता आला. डोंगराच्या प्रत्येक भागापुढे रकाना, ‘झाडे : जाती व संख्या’. ह्यांनी घळीतल्या राईची झाडं मोजली, उतारावरच्या झुडपांतून जी झाडं डोकं काढून होती तीही मोजली. माथ्यावर मात्र नुसतं गवत. झाड एकही नाही. तिथे ह्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, निरंक. खाली सही.

खोटं काय होतं त्यात? पण तेवढ्या शब्दावर कुणीतरी माथा ‘रिकामा’ ठरवला. अलीकडच्या अर्ध्या भागात लांबून आणलेली, भराभर वाढणारी झाडं लावली. समारंभ झाला, ह्यांनीच खड्डे खणून घेतले. तीन-चार वर्षांत सावली दाट झाली आणि तिच्याखालचं सगळं गेलं. वर्षातून पंधरा दिवस फुलणारी ती निळी बारकी फुलंसुद्धा. खालचा झरा आधी बारीक झाला, मग बंद झाला.

 एक दिवस हे फिरतीवरून आले आणि जेवताना म्हणाले, “अगं, मी एका शब्दात डोंगर पुसला.”

मी म्हटलं, “तुम्हाला विचारली झाडं, तुम्ही सांगितली झाडं. गवत कुणी विचारलं होतं?”

“विचारलं नव्हतं, पण मला दिसत होतं ना?”

त्यानंतर ह्यांनी पलीकडच्या अर्ध्या माथ्यावरचं एकेक गवत टिपायला घेतलं, जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर. पुस्तकी नावं ठाऊक नव्हती, म्हणून स्वतःच बारसं केलं : उंदीरशेपटी, रुसकी, ओलेपाय. काम अर्ध्यावर आलं आणि ह्यांचं हृदय थांबलं. आज त्याला नऊ वर्षं झाली.

चिठ्ठ्यांचं गाठोडं घेऊन मी या कार्यालयात बाईंकडे आले. वाटलं, सांत्वन करतील. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, टेबलावरचं भिंग माझ्यापुढे सरकवलं आणि विचारलं, “ओलेपाय कुठे उगवतं, दाखवाल?”

मग आम्ही चढलो. एकदा नाही, सहा वर्षं चढत होतो. बाई म्हणायच्या, “उभ्या माणसाला गवत नुसतं हिरवं दिसतं. बसा.” मी बसायची. उठताना गुडघे बोलायचे आणि बाई हात देताना म्हणायच्या, “यादीत तुमचीही नोंद करते. मूळ खोल, उपटत नाही.”

मी रात्रशाळेपुरती शिकलेली. उरलेलं बाईंच्या कपाटातली पुस्तकं वाचून. त्यांत ‘वनस्पती समुदाय’ हा शब्द भेटला. समुदाय म्हणजे माणसांचा, असंच मला वाटायचं. बाई म्हणाल्या, “वारा आणि मातीने डोंगराची वाटणी करून दिली आहे. वर गवत, मध्ये झुडपं, घळीत राई. आणि भावाभावांत भांडण नाही.” मी म्हटलं, “मग वाटणी करायला माणूस नसणार.”

यादी दोनशे अकरा जातींवर थांबली. प्रत्येक कागदावर ‘गोळा करणारा’ या ओळीत बाईंनी ह्यांचं नाव लिहायला लावलं, मी आणलेल्या नमुन्यांवरसुद्धा.

गेल्या आठवड्यात बाईंनी त्या डोंगराच्या फाइलमधून तो जुना तक्ता काढला. मी म्हटलं, “बाई, तेवढं निरंक खोडा हो.” त्या म्हणाल्या, “नाही खोडणार. त्यांनी खोटं लिहिलेलं नाही, अपुरं लिहिलंय. सही राहू दे.” आणि शेजारी लाल शाईने लिहिलं, “झाडांपुरते निरंक. पुरवणी जोडली आहे.”

नऊ वर्षांत मी त्या दिवशी पहिल्यांदा या कार्यालयात रडले. डिंक सांडला. बाई ओरडल्या नाहीत.

नवे साहेब, निरोपाच्या सभेत काम काढू नये, कळतं मला. पण पलीकडच्या अर्ध्या माथ्यावर झाडं लावायची फाइल आता अभिप्रायासाठी तुमच्या टेबलावर आहे. सही होकाराची करा की नकाराची, पण आधी एकदा माझ्याबरोबर वर चला आणि खाली बसा. उठताना मला तुमचा हात लागेल, एवढाच त्रास. तुम्ही होकाराची मान डोलावलीत. अख्ख्या सभागृहाने पाहिलं आहे हं, साहेब.

बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडला नाही. भिंग मात्र परत देणार नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात चुका झाल्याच असतील. त्या रकान्यात निरंक लिहायची माझी छाती नाही. आहेत तेवढ्या पोटात घाला, आणि राहिलं असेल ते पुरवणीत जोडा.