साहेबांचे तीनशे बारा गिऱ्हाईक

आमच्या साहेबांना आकड्यांचा भारी शौक, गा. उमरेडच्या एका ताईंच्या साड्यांची वेबसाइट चालवायला आमच्या कंपनीकडे होती. साहेबांनी तिच्यात माझ्याकडून लिसनर टाकून घेतला. म्हणजे साइटवर नवा माणूस आला की त्याले कळते, अन् पहिल्या पानावरचा त्या दिवसाचा आकडा एकानं वाढते.

एक दिवस ताई साइटचं काम बंद करा म्हणून सांगायला आल्या. साहेबांनी स्क्रीन फिरवला. "पाहा ताई, आज तीनशे बारा लोकं तुमच्या साड्या पाहून राहिले!"

"मंग एक बी साडी काहून नाही खपली जी?"

"लोकं अजून विचार करून राहिले, ताई."

ताई महिनाभर थांबायला तयार झाल्या. मले मात्र शंका आली. पाहतो तर व्हायरसच्या भीतीनं साहेबांनी आपल्या ब्राउझरमध्ये कुकीज, म्हणजे आधी येऊन गेलेला माणूस ओळखायच्या खुणा, बंद केलेल्या. सर्व्हर त्यांना ओळखेचना. आकडा पाहायला साहेब सारखे रिफ्रेश मारत, अन् दरवेळी एक नवा माणूस मोजला जाई.

"साहेब, ते तीनशे बारा लोकं तुमीच आहा."

मी लगेच एक फिल्टर बसवला, साहेबांच्या कॉम्प्युटरले मोजणीतून दारातच वगळणारा. दुसऱ्या दिवशी आकडा आला एक. तेवढ्यात ताईंचा फोन.

"साहेब, मी सकाळपासून साइट उघडून बसली. आज एकच माणूस दिसून राहिला. कोण आहे जी तो?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग शांतपणे म्हणाले, "तो अजून विचार करून राहिला, ताई."