भुंगेऱ्याचा नसलेला पाय

वहिनी: वन्सं, हा पाय कुठून आणलात?

नणंद: ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ एकदम आलं, म्हणजे माझं काहीतरी चुकलंय.

वहिनी: मागचा उजवा पाय. भिंगाखाली नीट बघ. राळेच्या खड्यातल्या भुंगेऱ्याला तो आहे का?

नणंद: नाही.

वहिनी: आणि तुझ्या चित्रातल्या?

नणंद: त्याला आहे. अगं, पाच पायांवर बिचारा बरा दिसेना. म्हटलं, एक देऊन टाकू.

वहिनी: दहा कोटी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात बुडून मेला तो. आत्ता पाय घेऊन जाणार कुठं? कुणी कधी न पाहिलेली प्रजाती आहे ही, आणि तिचं वर्णन पहिल्यांदा आपण करतोय. लेखात मी लिहिलंय, ‘मागचा उजवा पाय तुटलेला.’ शेजारी तुझ्या चित्रात तोच पाय ठणठणीत. लोक म्हणतील, या बाईनं भुंगेरा बघितला तरी होता का?

नणंद: खोडते. चिडू नकोस.

वहिनी: चिडले नाही. आज संध्याकाळपर्यंत लेख गेला नाही, तर चिडेन. दुसऱ्या संग्रहालयातल्या त्या दाढीवाल्याकडेही याच खाणीतला खडा आहे आणि त्याच्यातही हाच भुंगेरा आहे. त्याचं आधी छापून आलं तर नाव तो ठेवणार आणि आपण टाळ्या वाजवणार.

नणंद: मग हे शेपटाकडचं चित्रही बघून घे. तिथं मी काही जास्तीचं दिलेलं नाही. उलट थोडं झाकलंय.

वहिनी: झाकलंय म्हणजे?

नणंद: अगं, त्याचं ते सगळं बाहेर आलंय.

वहिनी: येणारच. नर आहे. चिकातून सुटायला धडपडला, त्यात बाहेर आलं. आत घ्यायला सवड मिळाली नाही.

नणंद: म्हणून थोडी सावली टाकली. मेलेल्याची लाज राखावी माणसानं.

वहिनी: त्याची राखलीस आणि माझी घालवलीस. या भुंगेऱ्यांत तेवढ्या एका भागावरूनच प्रजाती ओळखता येते. बाकी सगळे एकसारखे दिसतात. हिवाळाभर मी त्या एका अवयवाची मापं घेत बसलेय.

नणंद: हे तू घरी सांगितलंयस?

वहिनी: आईला सांगितलंय, भुंगेऱ्याच्या डोळ्यांवर काम चाललंय.

नणंद: बरं. काढते सावली.

वहिनी: काढ. आणि शनिवारी लवकर ये. मोठं रंगीत चित्र करायचंय, मुखपृष्ठासाठी.

नणंद: शनिवारी नाही जमायचं.

वहिनी: का?

नणंद: काम आहे.

वहिनी: शनिवारी तू अकरापर्यंत झोपतेस.

नणंद: घरचं काम आहे.

वहिनी: आईंना बरं नाही का?

नणंद: चांगली आहे. केस रंगवून बसलीये.

वहिनी: या वयात? कशासाठी?

नणंद: दादाचं लग्न आहे.



वहिनी: कुणाशी?

नणंद: त्याच्या ऑफिसातली आहे. तू नाही ओळखत. मी सांगणार होते तुला.

वहिनी: कधी? बारशाला?

नणंद: वहिनी...

वहिनी: ठरलं कधी?

नणंद: महिना झाला. पत्रिकेवरचं चित्रही मीच काढलं. त्यानं सांगितलं, मला नाही म्हणता आलं नाही. दिवसभर इथं भुंगेरा, घरी गेलं की वेली आणि फुलं. वेलींनासुद्धा मिशा फुटायला लागल्या होत्या.

वहिनी: म्हणजे महिनाभर या टेबलाशी बसून तू माझा चहा प्यायलीस, माझ्या डब्यात हात घातलास, आणि पोटात हे धरून बसलीस.

नणंद: हो.

वहिनी: त्यानं लग्न केलं तर करू दे. एकदा सोडून पाचदा करू दे. आमचं मोडलं तेव्हाच तो विषय मी मिटवला. पण तू माझ्यापासून लपवावंस?

नणंद: भीती वाटली.

वहिनी: माझी?

नणंद: तू म्हणशील, चला, त्या घराशी उरलंसुरलं होतं तेही संपलं. मग मी इथं कुठल्या नात्यानं येऊ? चित्रं काढायला तुला कुणीही मिळेल.

वहिनी: मिळेल की. पाच पाय दिसले तर पाचच काढणारं.

नणंद: तेच म्हणतेय मी.

वहिनी: रडू नकोस. कागद भिजला तर पुन्हा काढायला वेळ नाही आपल्याकडे.

नणंद: रडत नाहीये.

वहिनी: मग नाक पूस. आणि तो पाय सगळा खोडू नकोस, ठिपक्यांची रेघ कर. लेख तपासणाऱ्या परीक्षकांना ठिपके चालतात. ठिपके म्हणजे इथं होता, आता नाही.

नणंद: एवढं सोपं होतं तर मघाशीच का नाही सांगितलंस?

वहिनी: मघाशी चिडले होते.

नणंद: घे. ठिपके झाले, सावली काढली. आता सगळं जगासमोर उघडं.

वहिनी: छान आलंय. खरंच छान आलंय. आण इकडे, स्कॅन करून लेखाला जोडते आणि पाठवते.

नणंद: थांब. नावाची जागा अजून रिकामी आहे. दादाचं नाव देणार होतीस ना? तुमचं लग्न झालं तेव्हा कबूल केलं होतंस त्याला, ‘पहिला नवा भुंगेरा तुझ्या नावाचा.’

वहिनी: केलं होतं कबूल. पण याची मापं घेतल्यावर वाटलं, भुंगेऱ्यावर अन्याय होईल.

नणंद: वहिनी, माझा भाऊ आहे तो.

वहिनी: म्हणून तर एवढ्यावर थांबले. तुझं नाव टाकतेय.

नणंद: माझं? याला?

वहिनी: आडनाव नाही हं. आडनाव टाकलं तर तुझा दादा फुकटात आत शिरेल. नुसतं तुझं नाव.

नणंद: पण हा नर आहे.

वहिनी: तो काय तक्रार करायला येतोय?

नणंद: आणि नावाचं कारण काय लिहिणार?

वहिनी: ‘चित्रं काढल्याबद्दल.’ बास. जास्त लिहिलं की परीक्षक चौकशा करतात. बघ, गेला लेख.

नणंद: गेला?

वहिनी: गेला. बसू दे आता त्या दाढीवाल्याला मिशा मोजत.

नणंद: शनिवारी सगळे माझ्या मागे लागणार. नव्या वहिनीला हाक मार, वहिनी म्हण.

वहिनी: मग म्हण. तुझं काय जातंय?

नणंद: नावानं हाक मारणार आहे. तिला तसं सांगूनही टाकलंय.

वहिनी: तोंडावर? काय म्हणाली?

नणंद: म्हणाली, ‘चालेल. माझ्याही भावाची पहिली बायको आहे ना, तिला मीही अजून वहिनीच म्हणते.’

वहिनी: बरी दिसतेय मग.