अर्नेस्टीनच्या घरातली पुस्तकं

अमेरिकेतल्या टोलेडोत एका वारलेल्या म्हाताऱ्याच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. दार उघडायची वाट बघत मार्गो रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन काळ्या आजीबाई बोलत होत्या.

"अर्नेस्टीन, आजही लहान मुलांची ती जुनी पुस्तकंच घेणार?"

"तीच. आपली लेकरं माकडासारखी रंगवलेली."

"जाळून टाक ना एकदाची."

"जाळली तर उद्या म्हणतील, असं काही नव्हतंच."

"आणि लेक काय म्हणते?"

"ती पुस्तकं घरात असेपर्यंत नातीला माझा उंबरा ओलांडू देणार नाही म्हणते."

"अगं, तू गेल्यावर तुझ्याही दारात अशीच रांग लागेल."

"लागू दे. तेवढंच कुणीतरी घरी येईल."