भावाची लायटीवरची गाडी

काय सांगू तुम्हाला, माझं माहेर पेनच्या खारेपाटातलं, बा मिठागरावर कामाला, आन आम्ही दोघंच, मी थोरली आन माझ्या पाठचा रमेश. शाळा सुटली की बाच्या मागं मिठागरावर जायचं, म्हनून मीठ वल्या जागेत कसं फुलतं ते मला कुनी शिकवायला नको. लगीन होऊन इकडं रोह्याजवळ निडीला आले तवा जमिनीवरचा माझा हक्क रमेशला सोडून दिला, सही केली, खुशीनं केली, आन त्यानंबी दर दिवाळीला साडी चुकवली नाय, खोटं कशाला बोलू.

मी डबे करते, कंपनीतल्या शिफ्टवाल्यांना भाकरी-कालवन. आमच्या ह्यांचा पाय अधू झाला तवापासून पोचवायचंबी मीच बघते, रिक्षावाला एक दिवस येतो तर दोन दिवस नाय, आन मानूस उपाशी ऱ्हायला की दुसरीकडं डबा लावतो. म्हनून या वयात गाडी शिकले, लायसन काढलं, पन क्लच काय जमंना. तर रमेशचा फोन, ताय, माझी लायटीवरची गाडी विकतोय, क्लच नाय, गेर नाय, घरच्या घरात चार्ज व्हते, दुसऱ्याला देन्यापरीस तूच घे. मला रडू आलं वो, भावानं आठवन ठेवली म्हनून.

माहेरी गेले. गाडी चकाचक, नवी कव्हरं, आत सेंट मारलेला. मोबाईलमधे बॅटरी दाखवली, भरलेली. गडबपर्यंत चालवून आले, आवाज नाय काय नाय, मन भरलं. मग डब्यांच्या पिशव्या कुठं बसतील बघावं म्हनून डिकीतलं कार्पेट उचललं, तर खाली नटांच्या कडंकडंनं पांढरं फुललेलं. बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारं. गेल्या उधानाला बांध फुटून रमेशच्या अंगनात खाडीचं पानी शिरलं, तवा मी फोनवर इचारलं व्हतं, गाडी कुठं हाय, तर म्हनला पेनला हाय, सुकी हाय.

रमेश मागंच उभा व्हता, म्हनला, "दमट हवेचं हाय गो ताय, इथं सगळ्यांच्याच गाड्यांना येतं."

हे मला सांगत व्हता, मिठागरवाल्याच्या पोरीला. तोंडावर बोलले असते तर माहेर तुटलं असतं. आमचे हे नको म्हनतात असं सांगितलं आन एश्टीनं परत आले, रस्ताभर जीव जळत व्हता, सगळं देऊन बसले याला आन हा फसवायला निघाला तो मलाच.

तिथंच संपलं असतं तर बरं. आठ दिवसांनी गडबच्या एका नर्सबायचा फोन, सुलभा नाव तिचं. नवरा वारलेला, गावोगाव फिरायची नोकरी. माझा नंबर रमेशनंच दिलेला, बहिनीला इचारा म्हनून. ती म्हनली, "ताई, तुम्ही चालवून बघितलीत ना? मला गाडीतलं काही कळत नाही, तुम्ही सांगाल तसं करते."

हाताला पीठ, फोन कानाला, आन ओठावर आलेलं, नको घेऊ बाय. पन ती ते रमेशला सांगनार, मग तो मला दारात उभी करनार नाय. मी म्हनले चांगली हाय, आमचे हे नको म्हनले म्हनून मी सोडली.

तिनं गाडी घेतली, आन दीड महिन्यातच वडखळजवळ बंद पडली. गॅरेजवाला म्हनला बॅटरीत पानी गेलंय, आता भंगारात घाला. तिचा परत फोन आला, ओरडली नाय, येवढंच इचारलं, ताई, तुम्हाला माहीत होतं का. मी म्हनले नाय.

दिवाळीला रमेश आला साडी घेऊन. मी ओवाळलं, काय करनार. माझे डबे अजून रिक्षानं जातात. सुलभाबाय म्हने पायी फिरते, वाटेत कोन भेटलं तर मागं बसते. तिला रमेशनं एकदा फसवलं, मी दोनदा. रोज दिवा लावताना देवाला सांगते, तिचं बरं कर, तिला चांगली गाडी मिळू दे. तिचा नंबर हाय मोबाईलमधे, पन लावायची हिंमत व्हत नाय.