वळली की वाजते

...नाही हो, इंजिनाले काही झालंच नव्हतं! काही म्हणजे काही नाही! हे मी तवाही सांगत होतो, आताही सांगतो, अन् उद्या मले चितेवर ठेवलं तरी उठून सांगीन. चौदा वर्षं मी, या गुणाकरनं, लामत्याच्या इकडे बंधाऱ्यावर सरकारी मोटरबोट चालवली. साहेब लोकाईले फिरवलं, गाळ मोजला, पुरात वाहून चाललेली माणसं काढली. चौदा वर्षं तिचा आवाज आयकला. घरच्या बाईचा इतका आयकला नसन, हे तिचंच म्हणणं आहे. अन् चार महिन्यांआधी आलेला साहेब मले सांगते, "गुणाकर, इंजन बैठ गया!" अरे, बैठ कसा गया? माहा कान खोटं बोलत नाही!

आता ही बोट कशी, ते समजून घ्या, नाही तं तुमीबी साहेबासारखंच बोलसान. इंजिन तिच्या पोटात. पंखा मागं, बाहेर, पाण्यात. अन् मधात एक जाडजूड लोखंडी पाय लटकलेला, त्याले आमी शेपूट म्हणतो. चाक फिरवलं की ते शेपूट हलते अन् बोट वळते. पण शेपूट वाकडं झालं तरी आतला दांडा फिरत राह्यला पाह्यजे ना? म्हणून तिथं एक क्रॉस असते, म्हणजे वाकड्यातही फिरणारा लोखंडी सांधा, ट्रकाखाली असते तोच. समजलं? हौ. आता आवाज आयका. बोट सीधी चालली की चूप. चाक फिरवलं, बोट जराशी कलली, की... खट्! खुळखुळखुळ... खट्! परत सीधी केली, चूप. दसरा झाला अन् हे सुरू झालं.

साहेबानं कोणाले आणलं? बालाघाटच्या बसस्टँडमागचा दुलीचंद! ट्रकाचा मेकॅनिक! उभ्या जिंदगीत पाण्यात पाय घातला नाही त्यानं, चपला हातात घेऊन बोटीत चढला, देवळात चढल्यासारखा. एक डाव इंजिन चालू करायले लावलं, डोळे मिटले, अन् म्हणते, "पिस्टन मार रहा है साब. पूरा खोलना पड़ेगा." मी म्हणलं, थांब लेका. पेचकसाचं टोक इंजिनाले लावलं, मूठ कानाले. टपेट चोख. पाण्याचा पंप चोख. डायनमो चोख. पिस्टन मारत असता तं धक्क्याले बोट उभी असतानाही मारला असता ना? बोट वळायची वाट काहून पाहीन थो? पण साहेब म्हणते, "खोलने से अच्छा, कंडम लिख देते हैं."

कंडम! कंडम म्हणजे म्हाईत आहे ना? बोट भंगाराच्या लिलावात, अन् मी बंधाऱ्याच्या पाणी सोडाच्या गेटावर! दिवसभर त्या लोखंडी गेटाजवळ बसाचं, हुकूम आला की चाक फिरवून गेट दोन बोटं वर कराचं, हुकूम आला की दोन बोटं खाली कराचं. चौदा वर्षं पाण्यावर चाललेला माणूस मी, मले पाण्याच्या काठाले बसवता? माहं डोकंच गेलं. म्हणलं, "साहेब, इंजिन चांगलं आहे. शेपटातला क्रॉस गेला. शेपूट खोला. क्रॉस चांगला निघाला तं मले बोटीवरून उतरवा, गेटावर बसवा, मी हूं का चूं करणार नाही!" साहेब म्हणते, "लिखके दोगे?" म्हणलं, द्या कागद! माहा कान खोटं बोलत नाही!

घरी आलो, तं अनुसया, म्हणजे माही बायको, कपाळाले हात लावून बसली. "काहून लिहून दिलं जी? कोणी विचारलं होतं?" म्हणलं, "अवं, माहा कान..." "कानाचं राहू द्या. पूजेचा जुना नारळ नदीत शिरवला का नाही, ते सांगा."

आता पाहा! मी काय बोलून राह्यलो, ही काय बोलून राह्यली! आमच्याकडे खंडेनवमीले मशीनीची पूजा असते. हळद-कुंकू वाहाचं अन् लाल फडक्यात बांधलेला नारळ इंजिनाजवळ ठेवाचा. फोडाचा नाही. वर्षभर थो राखण करते. दुसऱ्या वर्षी नवा ठेवला की जुना नदीत शिरवाचा, म्हणजे सोडून द्याचा. नाही शिरवला तं म्हणे खटके उडतात. म्हणलं, "खटके तं तुह्या-माह्यात लग्नापासून उडून राह्यले, त्याले नारळ कायले पाह्यजे?" अन् पाठ फिरवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावून बोट काठावर ओढली. अर्धं लामता पाहाले आलं होतं. कोणी कोणी तं शेंगदाणे घेऊन आलते! मी माह्या हातानं बोल्ट काढले, शेपूट खाली ठेवलं, क्रॉस हातात घेतला... अन् अरे बाप्पा! नवरदेवासारखा चकाचक! हलवून पाह्यला, फिरवून पाह्यला, कुठं ढिला असन तं शप्पथ! दुलीचंद दात काढून राह्यला. साहेब खिशातून माहा कागद काढून राह्यला.

तेवढ्यात फकिरा, आमचा खलाशी, बोटीत चढला अन् बोट एका बाजूले कलली. अन्... खट्! खुळखुळखुळ... खट्!

इंजिन बंद! शेपूट जमिनीवर! अन् बोट वाजून राह्यली! मी ओरडलो, "आयका! आता कोणता पिस्टन मारते रे दुलीचंद?" फकिरानं इंजिनाखाली खांद्यापर्यंत हात घातला, चाचपलं, अन् बाहेर काढला... मागच्या वर्षीचा नारळ. नवा ठेवताना मीच मागं सरकवला होता, शिरवाचा राहून गेला. फडकं सडून गेलतं, तेलानं काळा झालता, आतलं पाणी आटून गोटा सुटा झालता. वळली की इकडून तिकडे गडगडत जाये. साहेबानं थो माह्या कानाजवळ हलवला. खुळखुळखुळ! "यही है ना गुणाकर, तुम्हारा क्रॉस?"

लाज वाटली? वाटली ना, खोटं काहून बोलू! शेंगदाणेवाले पोट धरून हसले. पण मले सांगा, पिस्टन होता का? नाही! इंजिन चांगलं होतं का? हौ! बोट कंडम होता होता वाचली का? हौ! मंग चुकलं कोण? पण सही माही होती. दुसऱ्या दिवसापासून मी गेटावर, बोट फकिराच्या हातात, अन् नारळ साहेबाच्या टेबलावर, कागद उडू नये म्हणून.

अन् आता आयका. चैत्रात मी गेटावर बसलो आहो, बोट दूर पाण्यात वळली, अन् आवाज आला... टक्-टक्-टक्-टक्! खुळखुळ नाही, काही नाही. बोट जोरात चालली की टकटक जोरात, हळू चालली की हळू. हा खरा क्रॉस! उठलो, पळत साहेबाकडे गेलो. "साहेब, आता खरंच चालला क्रॉस. एखाद दिवशी भर पाण्यात तुटन. माहा कान खोटं बोलत नाही!" साहेबानं टेबलावरचा नारळ उचलला, माह्याकडे पाह्यलं, अन् फकिराले आवाज देल्ला, "फकिरा, पहले नारियल ढूंढो!"

तीन दिवस शोधला हो! दोर काढले, डबे काढले, बसाचे पाट उचकटले. मी गेटावरून ओरडून राह्यलो, "अरे, शेपूट खोला!" फकिरा तिकडून म्हणते, "काका, अजून पुढची बाजू पाहाची आहे!"

चौथ्या दिवशी साहेबच बोटीत बसला. भर पाण्यात वळली, कडाड् झालं, अन् बोट जागच्या जागी. इंजिन चालू, पंखा बंद. फकिरा फडकं हलवून राह्यला. बाकी कोण होतं तिथं? मीच! डोंगा काढला, वल्हवत गेलो, बोटीले दोर बांधला. मनात म्हणलं, आता तरी म्हणन माणूस, गुणाकर, तुझं खरं होतं.

साहेबानं रुमालानं घाम पुसला, डोंग्यात वाकून हळूच म्हणते, "गुणाकर... नारियल अंदर कहीं बहुत गहरा फँसा है, है ना?"

मी वल्हं पाण्यात घातलं. म्हणलं, "हौ साहेब. मोठा असन."