बोकड काढा ना, मस्यू!

…नाही, तुम्हीच सांगा मला, दोनशे पानांचं पुस्तक, पहिल्या पानावर माणूस हॉस्पिटलच्या खिडकीशी आडवा पडलाय, शेवटच्या पानावर खिडकी आहे आणि माणूस नाही, मधे सगळा करडा रंग, करडा म्हणजे किती करडा, तर छापखान्यातून फोन आला की मस्यू, तुमची फाईल बिघडलीय का… आणि अशा पुस्तकाच्या कोऱ्या पानावर, माझ्या सख्ख्या बापाच्या मरणाच्या पुस्तकावर हो, सही घेताना लोक मला काय म्हणतात? बोकड काढा ना, मस्यू! बोकड!

आता हा बोकड म्हणजे माझंच पाप, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू. बार्नाबे त्याचं नाव. चित्रकथांची अठरा पुस्तकं झाली त्याची. करतो काय, तर कुरकुर! शेजाऱ्याच्या कुंपणावरून भांडतो, पाववाल्याशी पावाच्या वजनावरून भांडतो, महापौरांना पत्रं लिहितो, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी गळ्यात रुमाल खोचून जेवायला बसतो, सूप हुंगतो, एक भुवई वर करतो आणि म्हणतो, ‘गेल्या वेळी बरं होतं.’ बस्स! एवढाच विनोद! ह्या एका वाक्यावर माझं घर चाललंय, मी नाकारत नाही, पण माणसाला जगू द्याल की नाही? रस्त्यानं निघालो की पोरं ओरडतात, ‘गेल्या वेळी बरं होतं!’ दातांच्या डॉक्टरकडे आ करून बसलो होतो, तर तो आत डोकावून म्हणतो, ‘हं… गेल्या वेळी बरं होतं!’ आणि स्वतःच खो खो हसला, हातात ती पक्कड घेऊन! मी इकडे घामाघूम!

तर पप्पा गेले. दोन हिवाळे झाले. मला खबर मिळाली, मी धावत पोचलो, पण तोवर त्यांची वाचा गेली होती. शेवटचे आठवडे मी त्यांच्या उशाशी बसलो आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले, एक शब्द नाही. ते डोक्यातून जाईना. मग मी बोकडाला सुट्टी दिली आणि पप्पा काढायला बसलो. रोज पप्पा. पप्पांचा हात, पप्पांची उशी, पप्पा पाठमोरे. झाल्यावर माझ्या प्रकाशिका आहेत ना, क्लोतिल्द मादाम, त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. वाचलं त्यांनी. रडल्या. रुमाल भिजला, चष्मा भिजला, माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘गास्पार, फार सुंदर, फार सुंदर… आणि बोकड कधी देतोयस?’

छापलं मात्र त्यांनी, खोटं कशाला बोलू. पेपरात आलं, मौनाचं महाकाव्य, अमुक तमुक. पण तुम्हाला सांगतो, मला त्या पेपराचं काही सोयरसुतक नव्हतं. माझं लक्ष होतं फक्त ओडिलकडे. ओडिल म्हणजे माझी मोठी बहीण, पप्पांजवळ तीच राहायची, शेवटपर्यंत तिनंच केलं त्यांचं सगळं. पप्पांना ओळखणारं आता जगात दुसरं आहेच कोण? पहिली प्रत तिला पाठवली. म्हटलं, ती एकदा म्हणू दे की हो रे, हे पप्पा… की मी सुटलो.

आणि ओडिल बोलायची बंद झाली! अहो, जी बाई शेजारणीच्या मांजरीला दिवस गेले हे सांगायला मला फोन करायची, ती बंद! नाताळला फोन केला, नुसता वाजतोय. पत्र टाकलं, उत्तर नाही. अगं, वाईट आहे म्हण, शिव्या घाल, पुस्तक फेकून मार, पण बोल! कसचं काय…

अशा मनःस्थितीत मी गेलो त्या चित्रकथांच्या मेळ्याला, सह्या द्यायला. शारांत नदीकाठचं गाव, ऐन फेब्रुवारी, व्यायामशाळेचा हॉल, डोक्यावर बास्केटबॉलची जाळी लोंबतेय आणि खाली ओळीनं टेबलं मांडून आम्ही सगळे चित्रकथावाले. माझ्या डावीकडे एक पोरगा, त्याचं अंतराळयुद्ध, सहावा भाग, पहिल्या पाचांत कोण मेलं ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. उजवीकडे एक बाई, त्यांनी पॅरिसच्या गटारांचा इतिहास काढलाय, चित्रांत, तळटीपांसकट! समोर एक खून, एक चीज, एक घटस्फोट. काय काय निघतं हो हल्ली! दर आठवड्याला दुकानात एवढी नवी पुस्तकं येऊन पडतात की गेल्या आठवड्याचं पुस्तक बिचारं मागच्या फळीवर जाऊन खोकत बसतं. बरं, त्या गटारवाल्या बाईंना लोक काय काढायला सांगत होते? गटार! माना डोलावून, आदरानं, गटार! बाईंनी गटारावर पुस्तक लिहिलं, लोकांनी गटार मागितलं, जगात न्याय आहे. आणि मी बापावर लिहिलं तर…

रांग होती बरं का माझ्यासमोर, दारापर्यंत रांग! लोक घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले. पहिले एक मिशाळ गृहस्थ. पुस्तक उघडून समोर ठेवलं, डोळ्यांत पाणी. ‘मस्यू, मी हेलावून गेलो. माझेही वडील असेच…’ मला भरून आलं हो, मी पेन उचललं, म्हटलं हा माणूस आपला. तर म्हणतो, ‘बोकड काढा ना, मस्यू!’

म्हटलं, ‘अहो, ह्या पुस्तकात बोकड नाहीये.’

‘हो, तेच म्हटलं, नाहीये. म्हणून तुम्ही काढा.’

मग एक आजीबाई. त्यांना मी गोडीगुलाबीनं विचारलं, ‘मादाम, खिडकी काढू का? ती हॉस्पिटलची? छान जमते मला.’ तर म्हणतात, ‘खिडकी आहे हो आमच्याकडे. बोकडच द्या, नातवाला आवडतो.’ नातवाला! ह्या पुस्तकात कॅथेटर आहे, मादाम! पण नाही. एकानं तर तोडगा सुचवला, म्हणे त्या पलंगावरच निजवा ना बोकडाला, म्हणजे दोन्ही आलं! शेवटी काढले. एकामागून एक बोकड काढले. दुपारी कुणीतरी गार पाव आणि कोमट वाइन आणून दिली, तीही एका हातानं संपवली, दुसरा हात शिंगं काढतोय. आणि अशा वेळी मान वर करायची ताकदच राहत नाही हो. पुस्तक समोर सरकतं, तुम्ही विचारता कोणाच्या नावानं, तुम्ही विचारता काय काढू, आणि उत्तर तर ठरलेलंच.

पुस्तक सरकलं. मी विचारलं, ‘कोणाच्या नावानं?’

‘ओडिल.’

लिहिलं मी! ओडिल असं वळणदार अक्षरात लिहिलं, काही वाटलं नाही! ‘काय काढू?’

‘बोकड.’

अख्खं एक शिंग काढून झालं, तेव्हा वरून आवाज आला, ‘नखं काप जरा. शाई भरलीय.’

मान वर केली. ओडिल! गळ्यापर्यंत बटणं लावलेला तोच तो रेनकोट, हातात पर्स घट्ट धरलेली.

‘अगं, तू? तू रांगेत कशाला उभी राहिलीस? सरळ आत यायचंस ना!’

‘रांग मोडून? पप्पांनी मोडली असती?’

‘त्यांनी नसती मोडली. पण दुसऱ्यानं मोडली असती तर…’

‘तर महापौरांना पत्र,’ ती म्हणाली.

मला हसू फुटलं आणि तिथल्या तिथे विरलं, कारण ती हसत नव्हती. मी म्हटलं, ‘ओडिल, अगं तू तरी बोकड मागू नकोस गं! सकाळपासून हेच चाललंय. थांब, तुला पप्पा काढून देतो.’

‘बोकड काढ,’ ती म्हणाली. ‘मला पप्पाच हवेत.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय? ह्या पुस्तकातला म्हातारा कोण आहे, गास्पार? दोनशे पानं गप्प! पप्पा आयुष्यात दोन मिनिटं तरी गप्प बसले होते का? मी पानं उलटतेय, उलटतेय, म्हटलं आता बोलतील, आता त्या नर्सला काहीतरी ऐकवतील… एक शब्द नाही!’

‘अगं, मी आलो तेव्हा त्यांची वाचा गेली होती. मला जे दिसलं ते…’

‘तुला दिसलं ते तू काढलंस. माहीत आहे मला. पण मग मी फोन करून काय बोलू तुझ्याशी? एकदा त्या आजारानं त्यांना गप्प केलं, दुसऱ्यांदा तू केलंस.’ मग तिनं त्या अर्ध्या बोकडावर बोट ठेवलं. ‘आणि हा कोण? गळ्यात रुमाल कोण खोचायचं? सूप कोण हुंगायचं? रोज रात्री आई बिचारी पळी हातात घेऊन उभी, आणि हे काय म्हणायचे?’

तुम्हाला सांगतो… अठरा पुस्तकं! अठरा पुस्तकं मी समजत होतो की ते वाक्य मला सुचलं! मुलाखती दिल्यात मी! रेडिओवर सांगितलंय की अंघोळ करता करता सुचलं म्हणून! आणि ती हनुवटीवरची चार केसांची दाढी, ती भुवई, ती पत्रं… ज्या माणसाला मी दोनशे करड्या पानांत शोधत बसलो, तो इकडे वर्षानुवर्षं रंगीत होऊन तक्रारी करत होता, आणि मला पत्ता नाही! सगळ्या देशानं ओळखलं त्याला, एक मी सोडून.

मागून एक घडीच्या खुर्चीवाला ओरडतोय, ‘मस्यू, बहीण असली म्हणून काय झालं, आम्हीपण उभे आहोत!’ उभा कसला, बसला होता! पण मी कुणाचं ऐकतोय? काढला बोकड. रुमाल काढला, वाटी काढली, वाफ काढली, भुवई काढताना डोळ्यांपुढे सगळं धूसर. खाली ते वाक्य तेवढं लिहिलं नाही. लिहवेना.

ओडिलनं पुस्तक उचललं. हात लांब करून धरलं. मग जवळ आणलं आणि… हुंगलं! शाई हुंगली! एक भुवई वर गेली. मला कळलं, आता काय येणार. आणि आलं, अगदी त्याच आवाजात, तसंच नाकातून,

‘गेल्या वेळी बरं होतं.’

रडलो मी. त्या जाळीखाली, अख्ख्या रांगेसमोर, लहान पोरासारखा. दोन वर्षांनी पप्पा बोलले होते. ओडिलनं पुस्तक पर्समध्ये कोंबलं, जाता जाता म्हणाली, ‘रविवारी ये. कांद्याचं सूप करतेय. पण गप्प बसून प्यायचं असेल तर येऊ नकोस.’ आणि गेली, मागं न बघता, रांगेला धक्का न लावता.

मी डोळे पुसले. समोर पुढचा माणूस, चेहरा गंभीर, माझं पुस्तक छातीशी धरलेलं. म्हटलं, ‘बोला. कोणाच्या नावानं?’ तर तो हळूच म्हणतो, ‘मस्यू, माझी एक विनंती आहे… तुमचे वडील काढाल का?’

दिवसभरात पहिला माणूस! पहिला! ज्याची मी सकाळपासून देवाकडे मागणी करत होतो तो हा! मी मान खाली घातली, मनापासून काढलं, सही केली आणि पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. म्हणाला, ‘पण मस्यू… हा तर बोकड आहे.’

म्हटलं, ‘तेच ते. चला, पुढचे कोण?’